नोर्ग्येलिंगची वर्णमाला

गोंदियाहून दक्षिणेस चंद्रपूरकडे जाणारी गाडी भातखाचरे आणि तलाव मागे टाकीत अर्जुनीला येते. तेथून इटियाडोह धरणाच्या बाजूस वळले की प्रतापगडची टेकडी दिसते. तिच्यावर महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही. याच परिसरात गोठणगावाजवळ वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका दिसू लागतात. हे नोर्ग्येलिंग, १९७२ मध्ये वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. शेती हा येथील एक आधार. दुसरा आधार हिवाळ्यात शहरोशहरी जाऊन लोकरी कपडे विकण्याचा. व्यापारी घरांतील वाचकांना हा दुसरा उद्योग वेगळा समजावून सांगायला नको.

पाहुणा कधी या लोकांना सहज ‘चिनी’ म्हणून जातो. हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागतो, आणि भाषेच्या दृष्टीनेही तो खरा नाही. तिबेटी आणि चिनी एका मोठ्या भाषाकुलातल्या असल्या, तरी तिबेटी लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीवरून घडली. म्हणून तिची वर्णमाला मराठी मुलाला ओळखीची वाटते : क, ख, ग, ङ. पुढे दोन प्रकारचे ‘च’ येतात, एक ‘चार’मधला आणि एक ‘चाक’मधला. मराठीने या दोन ध्वनींना एकच अक्षर दिले. तिबेटीने दोन दिली. ल्हासाकडच्या बोलीत आणखी एक गंमत घडली. ‘ग’चा घोष हरपला आणि त्याची जागा स्वराच्या उंचीने घेतली : ‘क’ उंच सुरात, ‘ग’ खालच्या सुरात. शब्दाचा अर्थ सुरावर कसा अवलंबू शकतो, हे असे गोंदिया जिल्ह्यातच ऐकता येते.

यीवूच्या घाऊक बाजारात खरेदीला जाणाऱ्या पेढ्यांतील तरुण आज चिनी बोलायला शिकू पाहतात. ते बहुधा इंग्रजी माध्यमातून शिकतात, आणि अडचण तेथेच सुरू होते. १९५८ मध्ये स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धती चिनी लोकांसाठी घडवलेली आहे. तिची अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचली की उच्चार बिघडतो. तिथला ‘बी’ आपला ‘प’ आहे, ‘पी’ आपला ‘फ’. ‘डी’ हा ‘त’, ‘टी’ हा ‘थ’. किंमत विचारायचे वाक्य ‘तुओशाओ छ्येन’ असे ऐकू येते; इंग्रजी वळणाने वाचणारा त्याचा ‘डुओशाओ’ करतो. निरोपाच्या ‘चाइच्येन’ या शब्दात तर पहिला ‘च’ ‘चाक’चा आणि दुसरा ‘चार’चा. इंग्रजाला महाप्राण आणि अल्पप्राण वेगळे ऐकण्यासाठी कान घडवावा लागतो. मराठी माणसाला तो बालपणीच मिळालेला असतो. तो बाजूला ठेवून परक्याच्या कानाने शिकणे हा उलटा व्यवहार म्हणावा लागेल.

सूर मात्र मराठीने दिलेले नाहीत. ते नव्याने कमवावे लागतात. चिनीत मुख्य सूर चार. ‘माइ’ खाली उतरून वर गेला तर खरेदी, झपकन खाली आला तर विक्री. ज्याचा सूर येथे चुकला त्याची वही उलटी लिहिली जाईल! चार आणि दहा या आकड्यांतही असाच घोटाळा होतो. चारमध्ये दंत्य ‘स’ आणि दहामध्ये जीभ मागे वळवून म्हटलेला मूर्धन्य ‘ष’ असतो, जो मराठीत आता लिहिण्यापुरताच उरला आहे. म्हणून सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा अख्खे छोटे वाक्य कानाने धरावे, सुरासकट मोठ्याने म्हणावे, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहावा. दोन शब्दांचे सूर जोडीने घोटले तर बोलणे लवकर सरळ होते. लिपीचे ओझे पहिले काही महिने बाजूला राहिले तरी चालते.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथल्या रुग्णांत, विद्यार्थ्यांत आणि सहकाऱ्यांत वावरताना ते चिनी बोलू लागले. १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. रोज ज्यांच्याशी काम त्यांच्याशीच बोलणे, हा त्यांचा अभ्यास होता. लोकरीच्या कपड्यांचा गठ्ठा सोडून मराठी गिऱ्हाइकाशी भाव ठरवणारा नोर्ग्येलिंगचा विक्रेताही दर हिवाळ्यात याच शाळेत बसलेला असतो.