ऑक्टेन, इथेनॉल आणि आमचा ऊस

महागातलं पेट्रोल घातलं की गाडी जास्त पळते, यावर माझा अनेक वर्षं विश्वास होता. बारामतीत भिगवण रस्त्याला किंवा इंदापूरला सोलापूर हायवेवर, जिथे पंपावर दोन प्रकारचं पेट्रोल मिळे तिथे मी महागातलं भरायला सांगायचो. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं आणि ते पुण्यातही मिळू लागलं, तेव्हा साध्या पेट्रोलच्या ९१ पेक्षा १०० मोठे, म्हणून त्यात ताकदही जास्त, असा माझा सरळ हिशेब होता.

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढू लागलं तेव्हा या समजुतीला अभिमानाची जोड मिळाली. आमच्या घरी ऊस आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी हे आमच्याकडचे साखर कारखाने. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत लग्नाच्या तारखासुद्धा उसाच्या बिलाकडे बघून ठरतात. २०२२ च्या जूनमध्ये देशानं दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल ९१ वरून ९५ वर गेलं. पुण्याचे पाहुणे आले की मी सांगायचो, आमच्या उसामुळे तुमच्या गाडीला जादा ताकदीचं पेट्रोल मिळतंय. आता मी तसं सांगत नाही. इथेनॉलच्या बाजूनं मी आजही आहे, पण कारण बदललं आहे आणि त्याला एक अटही जोडली गेली आहे.

माझं मत बदललं ते ऑक्टेन नेमकं काय मोजतं हे कळल्यावर. माणसांनी भरलेली जुनी गाडी वरच्या गिअरमध्ये दिवे घाट चढताना इंजिनातून टकटक आवाज यायचा, तो अनेकांनी ऐकला असेल. मेस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाला पसरत जाते. पण ती शेवटपर्यंत पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे आपोआप भडकलं, तर पिस्टनवर धक्के बसतात. हे आपोआप भडकणं पेट्रोल किती रोखून धरतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून ते ठरवतात. लिटरभर पेट्रोल जाळून किती उष्णता मिळेल, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

म्हणजे जे इंजिन ९१ वर टकटक करत नाही, त्याला १०० देऊन हाती काही लागत नाही. जमिनीत पालाश पुरेसा असताना आणखी पोटॅश टाकलं म्हणून उसाचं टनेज वाढत नाही, तसंच हे. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१६ मध्ये साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत महागातलं पेट्रोल घालून चाचण्या घेतल्या. ताकदीत किंवा ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फायदा दिसला नाही. टर्बो इंजिनं आणि जास्त दाबाची इंजिनं यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. नॉकिंग जाणवलं की तो ठिणगी उशिरा टाकायला लावतो आणि गाडीची ओढ कमी होते. अशा गाडीच्या पुस्तकात ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेन सांगितलं असेल, तर तिथे ते घालावंच, फरक जाणवतो.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते मात्र इथेनॉलच्याच हिशेबानं. इतकं चढं ऑक्टेन असलेल्या इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल, त्यात एक तृतीयांश घट, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हेच आहे: साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांवर सहा ते सात टक्के घटू शकतं, दहा टक्क्यांसाठी बनवून वीसवर जुळवलेल्या गाडीचं एक-दोन टक्केच. आकडा वाढला की ताकद वाढते, हे खरं नसल्याचा पुरावा आमच्याच शेतातून निघत होता आणि मी त्याच आकड्याच्या जोरावर उलटं सांगत होतो.

त्या चढ्या ऑक्टेनचं चीज होतं ते त्यासाठी घडवलेल्या इंजिनात. ब्राझीलमध्ये फियाट १४७ ही गाडी १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर धावली. अशा इंजिनात मिश्रण जास्त दाबता येतं, आणि इथेनॉलची वाफ होताना आतली हवा गार होते, त्याचाही उपयोग होतो. पिकअप तिथे खरोखर सुधारतो. पेट्रोलियम मंत्रालय २०२५ च्या ऑगस्टमध्ये हेच बोललं, पण वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांबद्दल. आपल्या रस्त्यांवरच्या असंख्य जुन्या गाड्या तशा जुळवलेल्या नाहीत.

तरी इथेनॉल हवंच, असं मी का म्हणतो? नॉकिंग रोखायला १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत शिशाचं संयुग सापडलं. इथेनॉलसारख्या अल्कोहोलनंही ते साधतं हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं, पण बाजारात शिसं आलं. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. तोवर कितीतरी पिढ्यांच्या लहान मुलांनी तो धूर श्वासात घेतला. उसापासून, धान्यापासून होणाऱ्या एका द्रव्यानं नॉकिंग थांबत असेल, तर ते मला मोलाचं वाटतं. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न आहेच. उजनी धरणाच्या काठावर राहून तो नाकारता येत नाही, पण तो स्वतंत्रपणे मांडायला हवा.

माझी अट भावाची आणि निवडीची आहे. ब्राझीलमध्ये पंपावर पेट्रोल आणि इथेनॉल दोन्ही मिळतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर ते भरायचं, हा हिशेब तिथले चालक करतात. ऊर्जा कमी, म्हणून दरही कमी. आपल्याकडे ग्राहक पूर्ण दर मोजतो आणि त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. त्याचा राग मग उसावर निघतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधनं आणली, तेव्हा कारखान्यांची गणितं कशी कोलमडतात ते आम्ही पाहिलं. उद्या गाडीवाल्यांचाच विश्वास उडाला, तर कोणताही आदेश आम्हाला वाचवणार नाही. म्हणून ॲव्हरेज घटतं हे ऊस लावणाऱ्यांनीच आधी मोकळेपणानं बोलावं आणि लिटरमागे तेवढा दर कमी करा, अशी मागणीही कारखान्यांच्या सभांतून व्हावी, असं मला वाटतं.

कोणतं पेट्रोल भरू, असं आता कुणी विचारलं तर मी टाकीच्या झाकणाच्या आतला कागद वाचायला सांगतो. तिथे ९१ लिहिलं असेल तर जादा पैसे देऊ नका, आणि ॲव्हरेज थोडं घटलं तर मेस्त्रीला दोष देऊ नका.