ठळक रेषांच्या पलीकडचा सूर्य

सूर्याचा वर्णपट विद्यार्थ्यांपुढे मांडला, की त्यांची नजर जांभळ्या टोकाजवळच्या दोन रुंद काळ्या रेषांवर जाते. त्या कॅल्शियमच्या. हायड्रोजनच्या रेषा त्यांच्यापुढे फिक्या वाटतात. मग सूर्यात कॅल्शियमच जास्त, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथे हायड्रोजनचे अणू कॅल्शियमच्या लाखो पटींनी आहेत. माझ्या विषयातला हा सगळ्यात मोलाचा धडा: ताऱ्यात काय आहे हे विचारण्याआधी, ते कोणत्या अवस्थेत आहे हे विचारावं लागतं.

ही अवस्था म्हणजे प्लाझ्मा. वायू खूप तापला, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात. मागे धनभारित आयन उरतात. इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची ताकद प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. कॅल्शियमचा पहिला इलेक्ट्रॉन सोडवायला ६.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते, हायड्रोजनला १३.६ लागते. सूर्याच्या साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या पृष्ठभागावर बहुतेक सगळ्या कॅल्शियमचा एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो, आणि त्या दोन काळ्या रेषा याच आयनांच्या. हायड्रोजनच्या दृश्य रेषा मात्र दुसऱ्या ऊर्जापातळीवर चढलेल्या अणूंमुळेच उमटतात, आणि इतक्या तापमानाला असा अणू कोटीत एकही सापडत नाही.

हा हिशेब शक्य केला भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी. क्रोमोस्फिअर या सूर्याच्या बाहेरच्या थरात, खूप उंचावरही, कॅल्शियमच्या आयनांच्या रेषा दिसत. तापमान तेवढं नसताना हे कसं, हा प्रश्न होता. साहांनी अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याकडे रासायनिक अभिक्रियेसारखं पाहिलं आणि तापमानाच्या जोडीला दाब हिशेबात घेतला. वायू विरळ असेल, तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा आयन भेटण्याची संधी कमी. म्हणून उंचावर आयन टिकून राहतात. १९२० साली, सत्ताविशीच्या आसपास असताना, त्यांनी हे समीकरण प्रसिद्ध केलं. ताऱ्यांच्या रेषा आता तापमापकासारख्या वाचता येऊ लागल्या.

१९२५ मध्ये हार्वर्डला सिसिलिया पेन यांनी तेच समीकरण अनेक ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं. उत्तर आलं: तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटलं, आणि प्रबंधात पेन यांना हा निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोहोचले. त्या तरुण संशोधिकेच्या आकडेमोडीबद्दल मला फार आदर वाटतो, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या ठळकपणापेक्षा तिने गणितावर विश्वास ठेवला होता.

अर्थात साहांचं समीकरण सगळीकडे चालत नाही. त्याला औष्णिक समतोल लागतो. सूर्याभोवतीच्या अतिविरळ प्रभामंडळात तो नसतो. तिथलं तापमान दहा लाख अंशांच्या वर जातं, खालचा पृष्ठभाग त्या मानाने थंड असूनही. विद्युतभारित प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राशी बांधलेला असतो, आणि प्रभामंडळ तापवणारी ऊर्जा त्याच वाटेने वर पोहोचते. नेमकी कशी, यावर आज जगभर काम चालू आहे.

याच कामाला हातभार लावणारी, पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य एल-१ यानावरून, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याची चित्रं टिपते. तिच्या ११ फिल्टरांपैकी एक कॅल्शियम आयनाच्या त्या दोन रेषांपैकी एकीसाठी आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी ती चित्रं जरूर अभ्यासावीत. पुढचं समीकरण त्यांच्यापैकी कुणी मांडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.