दानाची पावती आणि खरेदीची पावती

उपवासकाळ आला की आम्हा कॅथोलिक कुटुंबांत दानधर्माची पाकिटे येतात. चाळीस दिवसांच्या संयमातून वाचलेले चार पैसे त्यांत घालावेत, ते वेदीपाशी अर्पावेत आणि पुढची चिंता एखाद्या सेवाभावी संस्थेवर सोपवावी, हा आमचा नेम. नेम उत्तमच आहे; परंतु पाकीट दिले की आपले कर्तव्य संपले काय, हा प्रश्न वऱ्हाडातील दोन ठिकाणांचा विचार केला की आम्हांला स्वस्थ बसू देत नाही.

जुन्या करारात गरिबांविषयी एक विलक्षण आज्ञा आहे. पीक कापताना शेताची कड तशीच राहू द्यावी, खाली पडलेली कणसे उचलू नयेत. तो वाटा दरिद्री आणि परक्या माणसाचा. आपल्याकडे यालाच सरवा म्हणतात. विधवा रूथ बवाजाच्या शेतात याच आधारावर गेली. प्रथम कोणी धान्याचे गाठोडे तिच्या दारी नेऊन टाकले नाही. शेत खुले राहिले, वेचण्याचे कष्ट तिने केले. म्हणून त्या धान्याची भाकरी तिच्या मानाची झाली.

हाच विचार अमरावतीच्या तपोवनात आम्हांला दिसतो. होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तेथे श्री जगदंबा कुष्ठनिवास स्थापन केले. त्या काळी कुष्ठरोग्यापुढे समाजाने जवळजवळ एकच मार्ग ठेवला होता, तो हात पसरण्याचा. तपोवनाने त्याच हातांना हातमागाचे आणि सुतारकामाचे काम दिले. या सेवेबद्दल १९५९ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. पण खरी कसोटी मागावर नव्हे, मागाच्या पुढे होती. भीक दुरून टाकता येते. विणलेली सतरंजी मात्र घरात अंथरावी लागते. रोग बरा होणे आणि माणूस माणसांत परतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच प्रभू येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे, म्हणजे पुन्हा समाजाकडे, पाठवतो. आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळले जाण्यास २०१९ साल उजाडावे लागले, यावरून ही वाट किती लांबची आहे ते कळते.

रोगाने नव्हे, तर हक्क नसल्यामुळे परावलंबी झालेली माणसेही याच जिल्ह्यात आहेत. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे छोटे आदिवासी गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, ‘खोज’ या संस्थेच्या साहाय्याने, २०१२ साली या गावाला १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेले ते रान गावाने राखले, जोपासले. तेथील सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईच्या बाजारापर्यंत गेली. २०१४ साली गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. संस्थेने येथे अन्नछत्र उघडले नाही. जंगलाचे कुंपण उघडण्यास हातभार लावला. सरव्याचीच ही नवी रीत.

बाजाराचे मोल वऱ्हाडला कोणी शिकवायला नको. कापसाच्या व्यवहाराला शिस्त लागावी म्हणून कारंजा येथे १८८६ सालीच नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी तसा कायदाही झाला. पीक शेतात उभे राहणे आणि त्याचे मोल पदरात पडणे यांच्यामध्ये बाजार असतो, हे अकोला-अमरावतीचा कास्तकार पिढ्यान्‌पिढ्या भोगून जाणतो.

तात्पर्य, उपजीविकेला तीन गोष्टी लागतात: साधनावर हक्क, हाताला कसब आणि मालाला गिऱ्हाईक. पहिल्या दोहोंसाठी संस्था झटू शकते. तिसरी गोष्ट मात्र आपल्याच हाती आहे. धर्मग्रामाच्या सणाची बक्षिसे, नाताळच्या भेटी, सभागृहातील सतरंज्या आणि खुर्च्या, हे सारे आपण कोठून घेतो? ती खरेदी दयेपोटी नको. माल पारखून घ्यावा, खोट असेल तर स्पष्ट सांगावी आणि योग्य भाव घासाघीस न करता द्यावा. कारागिराला कारागीर मानण्याची हीच रीत होय.

अर्थात जराजर्जर, अंथरुणाला खिळलेला, अनाथ बालक यांना दानच हवे. तेथे हिशेब मांडणे पाप ठरेल. परंतु ज्याचे हात काम करू शकतात त्याला आपण वर्षानुवर्षे केवळ पाकीटच देत राहिलो, तर त्याचे हात आपणच पुन्हा पसरायला लावतो. दानाची पावती आपले नाव लिहून आपल्याला मिळते. खरेदीच्या पावतीवर मात्र विकणाऱ्याचे नाव वर असते, आणि ते तसेच असावे.