देवदूतांचा वाटा

व्हिस्कीच्या जगात स्कॉटिश आणि जपानी नावांच्या गर्दीत एक आडनाव आपल्या ओळखीचं आहे: जगदाळे. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली बंगळूरला 'अमृत डिस्टिलरीज' सुरू केली. त्यांचा मुलगा नीलकंठ आणि नातू रक्षित यांनी पुढे जे केलं, ते मी एखाद्या स्टार्टअपची गोष्ट वाचावी तसं पुन्हा पुन्हा वाचलं आहे.

आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून खपणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मुख्य माल असतो मळीपासून काढलेला मद्यार्क. साखर कारखान्यातून ऊस गेला की मागे उरते ती मळी. युरोपच्या नियमानुसार व्हिस्की धान्याचीच हवी, त्यामुळे आपल्या या बाटल्यांना तिथे व्हिस्की म्हणून विकायला बंदी आहे. रक्षित इंग्लंडमध्ये एमबीए करत असताना त्याने अभ्यासाला विषय घेतला तो भारतीय सिंगल माल्ट तिथल्या भारतीय रेस्टॉरंटांत खपेल का, हा. त्यातून २००४ मध्ये अमृत सिंगल माल्ट बाजारात आली, तीही थेट ग्लासगोमध्ये, म्हणजे स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. सुरुवातीची काही वर्षं विक्री जेमतेमच होती. २००९ मध्ये 'फ्युजन' आली. तिच्यात भारतीय सातू होता आणि पीटच्या धुरावर वाळवलेला स्कॉटलंडचा सातूही होता. जिम मरे या समीक्षकाने आपल्या २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये तिला जगात तिसरा क्रमांक दिला. मग कुठे भारतातल्या लोकांनी 'आपली' बाटली मागायला सुरुवात केली.

मला यात सगळ्यात जास्त रस वाटतो तो उन्हाचा. ओकच्या पिंपात व्हिस्की मुरत असताना तिची वाफ लाकडातून हळूहळू उडून जाते. याला म्हणतात देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडमध्ये देवदूत समाधानी आहेत, वर्षाला साधारण दोन टक्के घेतात. बंगळूरला हाच वाटा दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. पण ज्या उष्णतेने माल उडतो त्याच उष्णतेने लाकूड आणि मद्य यांची देवाणघेवाणही वेगात होते, म्हणून चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट चवीला तिच्याहून बरीच जुनी वाटते. अमृतने आठ वर्षं मुरवलेली एक व्हिस्की २०१३ मध्ये काढली. तोवर पिंपातला बहुतेक माल उडून गेला होता. नाव काय ठेवलं, तर 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरट देवदूत. आमच्या हिमायतनगरला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तिथे पिंप ठेवलं तर देवदूत पिंपासकट घेऊन जातील.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. दर दोन आठवड्यांनी काहीतरी ग्राहकापुढे ठेवावंच लागतं. या धंद्यात मात्र आज गाळलेल्या मालाचा पैसा किमान तीन वर्षांनी येतो, कारण स्कॉचचा कायदाच तसा आहे. तोवर पगार कुठून द्यायचे? मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये जपानहून स्कॉटलंडला गेला आणि हे शास्त्र शिकून आला. १९३४ मध्ये योइचीला त्याने स्वतःची कंपनी काढली आणि व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकला. त्याची पहिली व्हिस्की आली १९४० मध्ये. गोव्यात गेल्या काही वर्षांत इतक्या जिन का निघाल्या, याचं अर्ध उत्तर इथे आहे. जिनला मुरावं लागत नाही.

तंत्रज्ञान या क्षेत्रात नवं नाही. कारखान्यांत आज जे उंच ऊर्ध्वपातन स्तंभ दिसतात, त्यांचं मूळ १८३० च्या एका पेटंटमध्ये आहे. ते घेणारा एनिअस कॉफी हा आयर्लंडमधला अबकारी अधिकारी होता. आयुष्यभर दारू पकडणाऱ्याने दारू स्वस्त करून दिली. २०१९ मध्ये स्वीडनच्या मॅकमिराने मायक्रोसॉफ्ट आणि एका फिनिश कंपनीच्या मदतीने एआयकडून व्हिस्कीचं मिश्रण सुचवून घेतलं. शेवटची निवड मात्र माणसाच्या नाकानेच केली.

नाकाचंच सांगतो. महिन्यातून एकदा आम्ही सहा जण जमतो. प्रत्येकाच्या ग्लासात तीस मिली, शेजारी पाणी, आणि समोर एक स्प्रेडशीट. कुणी लिहितो 'ख्रिसमस केक', कुणी 'जुनं चामडं'. मी ख्रिसमस केक पहिल्यांदा खाल्ला तो नोकरी लागल्यावर. माझ्या नाकातला शब्दकोश गावाकडचा आहे: गुऱ्हाळातल्या काहिलीचा वास, उकडलेली हळद वाळत घातलेलं अंगण, हुरड्याची आगटी, किनवटच्या वाटेवर चैत्रात पडलेली मोहाची फुलं. पीटचा धूर असलेली व्हिस्की मला कायम हुरड्याच्या आगटीपाशी नेऊन बसवते. हे शब्द मी स्प्रेडशीटमध्ये तसेच लिहितो, आणि बाकीचे पाच जण आता विचारतात की हुरडा पार्टी कधी.

पण मोहाची फुलं लिहिली की पुढचा प्रश्न आपोआप येतो. मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासी बाईच्या घरावर धाड पडते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून परवाना दिला. म्हणजे एकच फूल एका राज्यात वारसा आहे आणि शेजारच्या राज्यात मुद्देमाल. माझ्या कपाटातल्या सात बाटल्या मात्र छंद ठरतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे हजार रुपयांचा आजीव परवाना आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा हा कागद सांगतो, की मी आरोग्य राखण्यासाठी पितो. महाराष्ट्रात पंचवीस पूर्ण झालेल्या प्रत्येक पिणाऱ्याचं असंच आरोग्य राखलं जातं.

आमच्या भागात दारू हा शब्द घरात हळू आवाजात बोलतात. गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी मतदान करून बाटली 'आडवी' केली की दुकान बंद होतं, अशी तरतूद या राज्यात आहे. ती मागून घ्यायला बायका रस्त्यावर का उतरल्या, ते मला कुठल्या अहवालातून कळलेलं नाही. माझे चुलतकाका मोंढ्यात हमाली करायचे. रोजची मजुरी घराआधी देशी दारूच्या दुकानात पोचायची. एक्केचाळिसाव्या वर्षी लिव्हरने गेले. राज्य सरकारने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान जाहीर केलं आणि डॉ. अभय बंगांसारख्यांनी ज्वारीची दारू करण्याला विरोध केला, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या घरात तो वाद कुणी वाचला नसेल, पण ज्वारी आणि दारू यांतलं काय आधी घरात यायला हवं, हे काकूला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गेल्या पावसाळ्यात काकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नंदीग्रामने आणि पुढे बसने पुण्याला आली. आठवडाभर माझ्याकडे होती. मी बाटल्या लपवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "ही केवढ्याची?" मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तेवढ्यात आमचं सालभराचं किराणा." मग म्हणाली, "वास दाखव."

मी ग्लासात थोडी ओतून दिली. माझ्या ओळखीतले लोक ग्लास नाकाशी नेऊन लगेच दूर करतात. काकूने डोळे मिटून बराच वेळ वास घेतला.

"गुळावानी येऊलालाय," ती म्हणाली. बरोबर होतं. त्याच बाटलीपुढे माझ्या स्प्रेडशीटमध्ये 'काहिलीतला गूळ' असं लिहिलेलं आहे. मग तिने ग्लास खाली ठेवला. "पण मागून तोच येतो."

जाणकार ज्याला 'फिनिश' म्हणतात, म्हणजे सगळे वास विरल्यावर मागे काय उरतं, ते तिने ओळखलं होतं. अठरा वर्षं तो वास तिने दारातून आत येताना घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. इथेनॉलला सातूचा आणि मळीचा फरक कळत नाही. फरक पितानाच्या पोटात काय आहे, उद्याचा पगार पक्का आहे का, आणि थांब म्हणणारं कुणी आहे का, यात असतो. ते माझ्याकडे आहे, काकांकडे नव्हतं.

मी पिणं सोडलेलं नाही. आमच्या स्प्रेडशीटमध्ये वास, चव, फिनिश आणि किंमत असे चार रकाने होते. आता माझ्या पानावर पाचवा आहे: या महिन्यात एकूण किती मिली. रविवारी काकूचा फोन येतो. ती डोळ्याचं सांगते, पावसाचं सांगते, आणि ठेवायच्या आधी विचारते, "किती झालं रे?" मी आकडा वाचून दाखवतो.