थंडीआधीची कामं

ऑगस्ट संपत आलाय. वेस्टलँडच्या काचघरात घामाच्या धारा लागल्यात आणि आम्ही दोनपैकी एक बॉयलर उघडून बसलोय. तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबांसाठी उष्णता बाहेर काढण्याची चिंता असे. इथे नेदरलँड्समध्ये ती आत राखण्याची.

इथल्या बॉयलरचं मला अजून नवल वाटतं. नैसर्गिक वायू जळून निघणारा धूर धुराड्यातून वाया जात नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड टोमॅटोच्या झाडांना पुरवला जातो. म्हणूनच बर्नर अस्वच्छ राहून ज्वलन अर्धवट झालं, तर प्रश्न नुसता गॅसच्या बिलाचा उरत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन येतं. पहिला वायू माणसाच्या जिवावर उठतो, दुसऱ्याने फुलं गळतात. धुराची तपासणी मग सही करून उरकण्याची बाब कशी राहील?

बाकीची कामं साधी. एक्स्पान्शन टँकचा दाब, पंपाचं बेअरिंग, मिक्सिंग व्हॉल्व्ह अडकतोय का, सेन्सर खरं तापमान दाखवतोय का. पाण्यात ऑक्सिजन शिरला की पाइप आतून गंजतात, म्हणून पाणीही तपासायचं.

जानेवारीतल्या मध्यरात्री बंद पडलेला बॉयलर सुरू करणाऱ्याची पाठ थोपटली जाते. तो बंदच पडू नये म्हणून उन्हाळ्यात खपणाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. मालकाने सुट्या भागांचा खर्च मात्र ऑगस्टमध्येच मंजूर करावा. जानेवारीत त्याच भागांबरोबर पिकाचीही किंमत मोजावी लागते.