सही जुळत नाही

त्या दिवसाला आता सव्वा वर्ष झालं. तरी बँकेच्या त्या शाखेसमोरून रिक्षा जाताना मी अजून मान दुसरीकडे वळवते.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षिका होती, सगळी नोकरी वाई तालुक्यात. बाबा गेल्यावर माझ्याकडे पुण्याला आली. ८२व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. पुढची दोन वर्षं कशी काढली ते ज्यांनी काढलीत त्यांना सांगायला नको. रात्री दार उघडून निघून जायची. ब्यूरोतून आणलेल्या बाया महिनाभरही टिकत नव्हत्या. गॅसचं बटण उघडं राहिलं त्या रात्री मी आणि भावानं ठरवलं, आणि खडकवासल्याच्या बाजूला एक केअर सेंटर पाहिलं. मावशीचा फोन आला, "दोन लेकरं असून ताई वृद्धाश्रमात?" मी फोन ठेवून दिला.

अनामत दीड लाख, महिना ३८,०००. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. आईची पेन्शन २७,०००. मेडिक्लेम आहे, पण तो दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. रोज अंघोळ घालायला, भरवायला तो पैसे देत नाही. तरी मी निर्धास्त होते, कारण आईच्या नावावर ६ लाखांची मुदतठेव होती. "म्हातारपणी तुमच्यावर भार नको" म्हणून तिनंच पगारातून साठवलेली. ठेव तिच्या एकटीच्या नावावर, आणि मी नॉमिनी. नॉमिनी असलं की झालं, असंच मला वाटायचं. नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर सुरू होतो, हे मला काउंटरवर उभं असताना कळलं.

"खातेदाराला घेऊन या," म्हणाले. आणलं. तिची निळी काठपदराची साडी, केसांत पिना. रिक्षात ती खूश होती, तिला वाटलं पंचायत समितीत मीटिंग आहे. पावणेदोन तास बाकावर बसलो. मध्ये तिला बाथरूमला न्यायचं होतं, तर ते फक्त स्टाफसाठी आहे असं सांगितलं. शेवटी नंबर आला. मी फॉर्म पुढे केला, पेन हातात दिलं. आईनं कागद सरळ केला आणि अगदी सावकाश, कित्त्यासारख्या अक्षरात सही केली. शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. एका अक्षरालाही थरथर नव्हती.

तिनं माहेरचं नाव लिहिलं होतं.

"सही जुळत नाही," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. दुसरा फॉर्म दिला. पुन्हा तेच नाव. तिसऱ्या वेळी तो शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, "यांना स्वतःचं नावच येत नाही." रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. जिनं ३४ वर्षं पहिलीतल्या पोरांचे हात धरून त्यांना त्यांची नावं गिरवायला शिकवली, तिच्याबद्दल हे. आईनं माझ्याकडे बघून विचारलं, "चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही आई, बरोबर आहे." तो फॉर्म त्यानं दोन रेघा मारून परत केला. माझ्या पर्समध्ये आहे.

राग इतका होता की तक्रार लिहायला घेतली. माहिती काढली तेव्हा कळलं, आजारपणात सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर हाताचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. म्हणजे हात चालत नसेल तर सोय आहे. आईचा हात तर चालत होता. वकिलांनी समजावलं की आधी कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं असतं तरी ते टिकलं नसतं. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते संपतं. आता पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागेल. म्हणजे कागदोपत्री तो मुलगा बरोबर होता. तक्रार मी पाठवली नाही. पण त्यानं ते मोठ्यानं म्हणायला नको होतं, हे मी आजही म्हणते.

ज्यांचे आईवडील अजून धड सही करताहेत त्यांनी या महिन्यातच ठेवी दोघांच्या नावावर, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करून घ्या. आणि मुदतीआधी एकाच्या सहीनं मोडता येईल असंही लेखी देऊन ठेवा, नाहीतर ऐनवेळी दोघांच्या सह्या मागतात. संकोच वाटतो, मलाही वाटला होता. आईला पैशांचं कसं विचारायचं, म्हणून चार वर्षं थांबले.

सेंटरमध्ये आईचं वजन दोन किलोनं वाढलंय. नखं कापलेली असतात, रात्री झोपते. तिथल्या एका मुलीच्या हातून ती पोळी खाते, माझ्या हातून खात नव्हती. मी त्या मुलीचे आभार मानते आणि घरी येईपर्यंत तिचा मत्सर करत असते. मावशीला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. कधी वाटतं योग्य तेच केलं, कधी वाटतं अजून सहा महिने रेटलं असतं.

खर्च सध्या माझ्या पीएफमधून आणि भावाकडून चाललाय. आईचा मोबाईल माझ्याकडेच असतो. गेल्या महिन्यात त्यावर बँकेचा मेसेज आला, मुदतठेव आणखी एका वर्षासाठी आपोआप पुढे गेली म्हणून. त्याच दुपारी मी सेंटरचं बिल भरलं. डायपर धरून ४३,६०० झालं होतं.