वर्गमूळ असलेली वर्गसमीकरणे

वर्गमूळ असलेल्या वर्गसमीकरणांचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात करणी फक्त सहगुणकांत असते, दुसऱ्यात चलच वर्गमुळाच्या चिन्हाखाली असतो. प्रस्तुत लेखक सफाळे येथे दहावीच्या मुलांना हे प्रकरण शिकवतो. √ दिसले की मुले लगेच दोन्ही बाजूंचा वर्ग करू लागतात, असा तेथील अनुभव आहे. पहिल्या प्रकारात त्याची गरज नसते, आणि दुसऱ्यात वर्ग केल्यावर एक जास्तीची पायरी घ्यावी लागते. म्हणून प्रकार आधी ओळखावा.

पहिल्या प्रकाराचे नेहमीचे उदाहरण √२क्ष² + ७क्ष + ५√२ = ० हे आहे. √२ आणि ५√२ यांचा गुणाकार १० येतो, म्हणून ७ ची फोड ५ आणि २ अशी होते: √२क्ष² + ५क्ष + २क्ष + ५√२ = ०. फळ्यापाशी आलेला विद्यार्थी बहुधा इथेच अडतो. पहिल्या जोडीतून क्ष बाहेर येतो आणि कंसात √२क्ष + ५ उरते. दुसऱ्या जोडीतून काय काढावे ते सुचत नाही. २ च्या जागी √२ × √२ लिहिले की √२ बाहेर येतो आणि कंसात तेच उरते. क्ष = –५/√२ किंवा क्ष = –√२. सूत्र पद्धतीनेही हीच उत्तरे येतात; विवेचक ४९ – ४० = ९ असल्याने आकडेमोड सोपी जाते.

दुसऱ्या प्रकारात √(२क्ष + ३) = क्ष हे समीकरण घेऊ. वर्ग केल्यावर क्ष² – २क्ष – ३ = ० मिळते; क्ष = ३ किंवा क्ष = –१. मुले इथे उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळी होतात. मूळ समीकरणात ३ ठेवल्यास √९ = ३ जुळते. –१ ठेवल्यास डावी बाजू √१ म्हणजे १ आणि उजवी –१ येते. √ हे चिन्ह ऋण नसलेले वर्गमूळच दाखवते. १ आणि –१ यांचा वर्ग एकच असल्याने वर्ग करताना चिन्हाचा फरक पुसला जातो आणि खोटी उकल आत शिरते. त्यामुळे ताळा हा उकलीचाच भाग ठरतो.

वर्गमुळालाच अज्ञात मानले तर वर्ग करणे टळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भुंग्यांचे उदाहरण आहे: थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीवर गेले, थव्याचे ८/९ भुंगेही गेले आणि एक जोडी उरली. थवा २य² मानल्यास निम्म्याचे वर्गमूळ य येते. मग य + १६य²/९ + २ = २य², म्हणजेच २य² – ९य – १८ = ०. य = ६ किंवा –३/२. य ही भुंग्यांची संख्या असल्याने दुसरी किंमत बाद होते. थवा ७२ भुंग्यांचा.

सफाळ्याच्या शिकवणीत एका मुलीने हे समीकरण न मांडताच सोडवले. थव्याला ९ ने भाग जायला हवा आणि त्याचा निम्मा पूर्ण वर्ग हवा. अशा संख्या १८, ७२, १६२ याप्रमाणे येतात. १८ घेतल्यास ३ + १६ + २ = २१ होतात. ७२ घेतल्यास ६ + ६४ + २ = ७२ बरोबर जुळते. उत्तर पूर्णांकच असणार हे माहीत असेल तेव्हाच ही युक्ती चालते.

चल पदे आणि त्यांचे वर्गमूळ एकाच राशीत मांडता येत असतील, तर नवे चल घ्यावे. √(२क्ष + ३) = क्ष सारख्या समीकरणात वर्ग करणे सोयीचे पडते. बरोबर इतर पदे असतील, तर वर्गमूळ आधी एका बाजूला एकटे करावे. नाहीतर वर्ग करताना मधल्या पदात ते पुन्हा उरते. शेवटी प्रत्येक किंमत मूळ समीकरणात ठेवून पाहावी.